फिरत्या घराचा मैला टाकायचा कुठे?

स्वयंपाकाचा ओटा, बिछाना आणि शौचालय सोबत घेऊन प्रवासाला निघण्याची कल्पना मराठी पर्यटकाला आता परकी राहिलेली नाही. राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण मंजूर केले आणि पाश्चात्त्य चित्रपटांत दिसणारी ही फिरती घरे आपल्या घाटरस्त्यांवरही दिसू लागली. पुण्याहून निघून खंबाटकी घाट ओलांडायचा, सुरूर फाट्यावरून वाईकडे वळायचे, पसरणी घाट चढून पाचगणी-महाबळेश्वर गाठायचे, परतताना कास पठार पाहून साताऱ्याला उतरायचे आणि पुढे कराडवरून सांगलीला जायचे, असा मार्ग या हौशी प्रवाशांना सहज सुचतो. मुक्काम कुठे करावा, पाणी कुठे भरावे, वीज कुठे मिळेल याची चौकशी निघण्यापूर्वी केली जाते. एका प्रश्नाचा उच्चार मात्र सहसा कुणी करीत नाही. तीन दिवसांनी गाडीतील शौचालयाची टाकी भरेल, तेव्हा ती रिकामी कुठे करायची?

हा प्रश्न वरवर क्षुल्लक आणि काहीसा ओंगळही वाटतो. परंतु महाबळेश्वर-पाचगणीचा डोंगरमाथा, त्याच्या पायथ्याची वाई, खाली कराड आणि शेवटी सांगली ही सारी गावे एकाच नदीच्या दोरीत ओवलेली आहेत. माथ्यावर जे टाकले जाते, त्याचा हिशेब कृष्णा खालच्या गावाला देते. म्हणूनच फिरत्या घरांची संख्या आज थोडी असली तरी त्यांच्या मैल्याची व्यवस्था हा विषय आताच समजून घेण्यासारखा आहे.

गाडीतल्या तीन टाक्या

कॅराव्हॅनमध्ये साधारणपणे तीन प्रकारचे पाणी असते. पहिले स्वच्छ पाणी. ते पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी व धुण्यासाठी भरून घेतलेले असते. दुसरे सांडपाणी. ओटा, हात धुण्याचे भांडे आणि न्हाणी यांतून ते खाली साठते. त्यात साबण, तेलकटपणा व अन्नाचे कण असतात आणि त्याला परदेशात करडे पाणी म्हणतात. तिसरे शौचालयातील मैलापाणी. याला तिकडे काळे पाणी असे नाव आहे. मराठी कानाला त्या शब्दाने अंदमान आठवले तरी येथे त्याचा अर्थ इतकाच की हे पाणी सर्वांत घातक असून ते उघड्यावर कुठेही टाकता येत नाही.

हे मैलापाणी साठवण्याच्या दोन पद्धती आहेत. मोठ्या गाड्यांच्या तळाशी कायमची टाकी बसविलेली असते. ती रिकामी करायची तर गाडी ठरावीक ठिकाणी नेऊन जाड नळी जोडावी लागते आणि झडप उघडावी लागते. लहान गाड्यांत बहुधा सुटी टाकी असते. तिला कॅसेट म्हणतात. तिच्यात साधारण १८ ते २० लिटर मैलापाणी मावते. बाहेरचे छोटे दार उघडून ती ओढून काढायची, बॅगेप्रमाणे उचलून किंवा चाकांवर ओढत न्यायची आणि शौचकूपात रिकामी करायची, अशी तिची रचना असते. दोन माणसांना अशी कॅसेट दोन-तीन दिवस पुरते. चौघांचे कुटुंब असेल तर दुसऱ्या दिवशी ती भरते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. घरातल्या मैल्यात अंघोळीचे, कपड्यांचे, भांड्यांचे पाणी मिसळते. शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी दररोज १३५ लिटर पाणी गृहीत धरले जाते. त्यामुळे मलवाहिनीतून वाहणारे पाणी पुष्कळच पातळ झालेले असते. कॅसेटमध्ये मात्र एका वेळी जेमतेम अर्धा-एक लिटर पाणी सोडले जाते. साहजिकच तिच्यातला मैला घरच्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पट दाट असतो. वीस लिटरची एक कॅसेट ओढ्यात रिकामी केली तर त्या ओढ्याला होणारा त्रास वीस लिटर सांडपाण्याइतका नसतो. तो त्याच्या अनेक पट असतो.

निळ्या औषधाचे दुखणे

बंद गाडीत तीन दिवस मैला साठवायचा तर दुर्गंधी येणारच. ती दाबण्यासाठी टाकीत निळ्या रंगाचे औषध घालण्याची पद्धत आहे. यातील जुन्या प्रकारच्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असते. ते जंतूंना मारते, त्यामुळे मैला कुजत नाही आणि वासही येत नाही. पण हाच त्याचा गुण पुढे अवगुण ठरतो.

आपल्या लहान शहरांतील बहुसंख्य घरांचा व हॉटेलांचा मैला सेप्टिक टँकमध्ये जातो. सेप्टिक टँकचे सगळे काम जंतूंवर चालते. हवेविना जगणारे जंतू तळाशी बसलेला गाळ हळूहळू कुजवतात, त्याचे आकारमान कमी करतात आणि वरचे निवळलेले पाणी शोषखड्ड्यात जाते. अशा टाकीत जंतुनाशकाने भरलेल्या कॅसेटी वारंवार रिकाम्या केल्या तर जंतूंचा हा संसार विस्कटतो. गाळ कुजत नाही, टाकी लवकर भरते आणि न निवळलेले पाणी शोषखड्ड्यात जाऊन तो तुंबतो. मोठ्या मैलाशुद्धीकरण केंद्रात हे औषध लाखो लिटर पाण्यात विरून जाते. एखाद्या ढाब्याच्या किंवा कृषी पर्यटन केंद्राच्या टाकीला मात्र ते पेलत नाही. म्हणून अनेक देशांत आता फॉर्माल्डिहाइडऐवजी विकरे व उपकारक जंतू असलेली औषधे वापरण्याचा आग्रह धरला जातो. आपल्याकडे तर सेप्टिक टँकवाचून गत्यंतर नसल्याने हा आग्रह अधिकच धरायला हवा.

गटार वेगळे, मलवाहिनी वेगळी

शहरात वाढलेल्या माणसाची एक समजूत असते. रस्त्याकडेला गटार दिसले की त्यात टाकलेले सारे शेवटी शुद्धीकरण केंद्राकडेच जाणार, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. कराड किंवा सांगली-मिरजेच्या काही भागांत भुयारी गटार योजना आहेत. परंतु बहुतेक लहान गावांत रस्त्याकडेची उघडी गटारे पावसाचे आणि मोऱ्यांचे पाणी वाहून नेण्यासाठी असतात. ही गटारे नाल्याला मिळतात आणि नाला नदीला मिळतो. वाटेत कोणतीही प्रक्रिया होतेच असे नाही. अशा गटारात कॅसेट रिकामी करणे आणि ती थेट नदीत रिकामी करणे यांत फरक फक्त थोड्या अंतराचा असतो.

सांगलीकरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शेरीनाल्यातून शहराचे सांडपाणी कृष्णेत मिसळण्याचा प्रश्न त्यांनी अनेक दशके सोसला आहे. ते पाणी उपसून धुळगावच्या शेतीकडे नेण्याची योजना त्यातूनच पुढे आली. मिरजेत २०१४ च्या अखेरीस दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची साथ पसरली आणि तिने काही नागरिकांचे बळी घेतले. पिण्याच्या पाण्याशी मैला गाठ घालतो तेव्हा काय होते, हे या भागाने अनुभवले आहे. हगवण, विषमज्वर, कावीळ आणि कॉलरा हे सारे आजार याच मार्गाने येतात.

पाणी प्रदूषण प्रतिबंधक कायदा १९७४ चा आहे. त्याच्या २४ व्या कलमानुसार प्रदूषण करणारे पदार्थ जाणूनबुजून प्रवाहात, विहिरीत अथवा मलवाहिनीत बेकायदा सोडण्यास मनाई आहे. कायदा कारखान्यांपुरता आहे असा समज असला तरी त्यातील शब्द कोणाही व्यक्तीला लागू पडतात.

जांभा, झरे आणि कृष्णा

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागाची भूरचना या प्रश्नाला अधिक टोकदार करते. महाबळेश्वर, पाचगणी आणि कास येथील सपाट माथ्यांवर जांभ्या दगडाचा थर आहे. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यात झिरपते, खालच्या काळ्या पाषाणावर अडते आणि कड्यांच्या कडेने झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. डोंगरउतारावरील अनेक वाड्या-वस्त्यांचे पिणे याच झऱ्यांवर अवलंबून असते. जे पाणी झिरपवते तेच मैलापाणीही झिरपवते; जमिनीत मुरले म्हणजे संपले, हा देशावरच्या काळ्या मातीतला हिशेब जांभ्यावर चालत नाही.

महाबळेश्वर आणि पाचगणी या दोन्ही गावांना वेण्णा तलावातून पाणी मिळते. कासचा तलाव सातारा शहराची तहान भागवितो. पठारावरील फुलांचा हंगाम पाहायला येणाऱ्यांच्या गाड्या याच तलावाच्या परिसरातून जातात. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये केंद्र शासनाने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. पश्चिम घाटातील निवडक स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळाले, त्यात कासचाही समावेश आहे. या मानमरातबाला साजेशी काळजी घ्यायची तर ती अशा साध्या गोष्टींपासूनच सुरू होते.

नदीचा मार्ग पाहिला की जबाबदारीचा क्रमही कळतो. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा धोम धरणातून वाईला येते. माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडच्या प्रीतिसंगमावर कोयना मिळते. पुढे भिलवडी, औदुंबर अशी घाटांची गावे मागे टाकीत ती सांगलीला पोहोचते आणि हरिपूरला वारणेला कवेत घेते. या वाटेवर प्रत्येक गाव वरच्या गावाने सोडलेले पाणी पिते आणि आपले पाणी खालच्या गावासाठी सोडते.

वाईने घातलेला पायंडा

या साऱ्या चित्रात आशेची जागा आहे आणि ती याच मार्गावर आहे. सुमारे ३६ हजार लोकवस्तीची वाई विश्वकोशामुळे आणि ढोल्या गणपतीमुळे महाराष्ट्राला परिचित आहे. मैल्याच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या देशभरातील मंडळींना मात्र ती आणखी एका कारणासाठी ठाऊक आहे.

लहान शहरांत सेप्टिक टँक तुंबला, घाण अंगणात आली, की मैला उपसणारी गाडी बोलावायची, ही जुनी रीत. त्यामुळे कित्येक टाक्या वर्षानुवर्षे उघडल्या जात नाहीत आणि त्यातला गाळ पाण्याबरोबर गटारात जात राहतो. उपसलेला मैला एखाद्या माळावर किंवा ओढ्यात नेऊन ओतला जातो तो भाग वेगळाच. वाई नगरपरिषदेने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या सहकार्याने ही रीत बदलली. घराघरांतील टाक्या तीन वर्षांतून एकदा, ठरलेल्या वेळापत्रकानुसार उपसायच्या. तक्रारीची वाट पाहायची नाही. उपसा करणाऱ्या ठेकेदाराला त्याच्या कामगिरीनुसार पैसे द्यायचे आणि नागरिकांकडून एकदम मोठी रक्कम घेण्याऐवजी करातून थोडी थोडी वसूल करायची, अशी ही योजना होती. त्याच सुमारास नाशिक जिल्ह्यातील सिन्नरनेही हाच मार्ग स्वीकारला. उपसलेल्या मैल्यासाठी वाईत दररोज ७० हजार लिटर क्षमतेचा प्रक्रिया प्रकल्प उभारण्यात आला. केंद्र शासनाचे मैला गाळ व्यवस्थापनाचे राष्ट्रीय धोरण २०१७ मध्ये आले. वाईसारखी गावे ते प्रत्यक्षात उतरविणाऱ्यांत अग्रभागी होती.

आता कॅराव्हॅनचा हिशेब मांडून पाहावा. समजा, गर्दीच्या एखाद्या दिवशी ५० गाड्यांनी आपापल्या २० लिटरच्या कॅसेटी रिकाम्या केल्या. एकूण मैला झाला एक हजार लिटर. ७० हजार लिटर क्षमतेच्या प्रकल्पापुढे तो सत्तरावा हिस्सा भरतो. घरांच्या टाक्या उपसणाऱ्या एका गाडीच्या एका खेपेतही यापेक्षा अधिक मैला येतो. म्हणजे प्रक्रिया करण्याची ताकद ही खरी अडचण नाही. प्रवाशाच्या गाडीपासून त्या प्रकल्पापर्यंतचा दुवा जुळलेला नाही, हे खरे दुखणे आहे. प्रकल्प कुठे आहे हे प्रवाशाला माहीत नसते, तेथे खासगी गाडीने येऊन मैला टाकता येईल अशी सोय गृहीत धरलेली नसते आणि रस्त्यावर त्याची पाटीही नसते.

पहिल्या आलेल्या गावांचा अधिकार

स्वच्छतेच्या बाबतीत या दोन जिल्ह्यांतील लहान शहरांचा लौकिक मोठा आहे. केंद्राच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत २०२० मध्ये कराड देशात पहिले आले. २०२१ मध्ये तो मान सांगली जिल्ह्यातील विट्याने मिळविला. २०२२ मध्ये पाचगणी पहिली आली आणि कराड तिसरे. सलग तीन वर्षे देशातील सर्वांत स्वच्छ लहान शहर कृष्णाखोऱ्यातील या दोन जिल्ह्यांनी दिले. या शहरांनी घरोघरचा कचरा वेगळा केला, सार्वजनिक शौचालये नीटनेटकी ठेवली आणि नागरिकांना त्यात सामील करून घेतले. एवढे करून दाखविणाऱ्या नगरपरिषदांना फिरत्या घरांसाठी एक मैला केंद्र उभारणे मुळीच अवघड नाही. गरज आहे ती हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्याची.

चैनीचा की सर्वांचा प्रश्न?

एक आक्षेप येथे साहजिक आहे. कॅराव्हॅन ही सुखवस्तूंची हौस आहे; त्यांच्या सोयीसाठी नगरपरिषदेने पैसा का घालवावा? हा आक्षेप रास्त ठरला असता, जर फिरता मैला फक्त कॅराव्हॅनमधूनच आला असता. पण फिरत्या शौचालयांची गरज या भागाला त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनी आणि मोठी आहे.

दर आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम पडतात. लाखो माणसांचे एक चालते शहर रोज नव्या गावी वस्तीला असते. पूर्वी पालखी पुढे गेली की मागे राहिलेली घाण पावसाबरोबर ओढ्या-विहिरींत जायची आणि गावकऱ्यांना दुखणी सोसावी लागायची. २०१५ पासून ‘निर्मल वारी’ उपक्रमातून मुक्कामाच्या गावी मोठ्या संख्येने फिरती शौचालये उभी केली जाऊ लागली. त्यांच्या टाक्या मैला उपसणाऱ्या गाड्यांनी रिकाम्या कराव्या लागतात आणि तो मैला कुठेतरी न्यावाच लागतो. मांढरदेव, पाली, पुसेगाव येथील यात्रांनाही हेच लागू आहे. ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून येऊन साखर कारखान्यांच्या परिसरात कोपींत राहणाऱ्या हजारो कुटुंबांना तर चार-पाच महिने शौचालयाची गरज असते, आणि त्यातल्या बायकांचे हाल सर्वाधिक असतात. फिरती शौचालये नेऊन ठेवली तरी ती रिकामी करण्याचे जवळचे, अधिकृत ठिकाण नसेल तर दोन दिवसांत ती निरुपयोगी होतात.

म्हणजे जे केंद्र कॅराव्हॅनच्या कॅसेटी घेईल, तेच वारीतील, यात्रेतील आणि उसाच्या फडाजवळील फिरत्या शौचालयांचा मैलाही घेऊ शकेल. हौशी प्रवाशाकडून शुल्क घ्यावे आणि बाकीच्यांना ते माफ असावे, अशी रचनाही करता येईल.

वाहनातला मैला उघड्यावर सोडायचा नाही, हा दंडक भारतीय रेल्वेने आधीच मान्य केला आहे. शंभराहून अधिक वर्षे डब्यांतील मैला थेट रुळांवर पडत असे आणि तो साफ करण्याचे काम माणसांवर लादले जात असे. संरक्षण संशोधन संस्थेच्या तंत्रावर आधारलेली जैवशौचालये डब्यांखाली बसवून २०१९ पर्यंत रेल्वेने ही प्रथा जवळपास संपुष्टात आणली. एवढ्या अवाढव्य यंत्रणेला जे जमले ते रस्त्यावरील थोड्या गाड्यांना जमायला हरकत नाही.

परदेशातील खेड्यांचा व्यवहार

ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅनने महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांत निवृत्तांची संख्या मोठी आहे. तेथील दूरदूरच्या खेडेगावांनी हा प्रश्न दयाबुद्धीने सोडविलेला नाही. त्यात त्यांनी आपला व्यवहार पाहिला. गावात मैला रिकामा करण्याचे केंद्र, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि एक-दोन रात्री गाडी उभी करण्यापुरती जागा असेल तर प्रवासी थांबतो. थांबला की किराणा घेतो, इंधन भरतो, गावात जेवतो. तेथील कॅराव्हॅनधारकांच्या मोठ्या संघटनेने अशा सोयी देणाऱ्या गावांना ‘कॅराव्हॅनस्नेही गाव’ या अर्थाचा दर्जा द्यायला सुरुवात केली आणि केंद्र उभारणीसाठी ग्रामपरिषदांना अर्थसाहाय्यही देऊ केले. फ्रान्समध्येही अनेक गावांच्या वेशीवर अशी सेवास्थाने आहेत. मुख्य रस्त्यापासून बाजूला पडलेल्या गावाला त्यामुळे गिऱ्हाईक मिळते.

महामार्ग रुंद झाल्यापासून आपल्याकडेही अनेक गावे उड्डाणपुलाखाली गेली आणि गाड्या वरून निघून जाऊ लागल्या. पेठ नाक्यावरून सांगलीकडे वळणाऱ्या किंवा उंब्रजहून पाटण-कोयनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील गावांना हा ऑस्ट्रेलियन व्यवहार विचारात घेण्याजोगा आहे.

केंद्र कसे असावे?

अशा केंद्राला फार मोठे बांधकाम लागत नाही. गाडी उभी राहील एवढा काँक्रीटचा चौथरा, त्याला मध्यभागाकडे उतार, उताराच्या तळाशी झाकण असलेले रुंद तोंड आणि तेथून मलवाहिनीला किंवा बंदिस्त टाकीला जाणारा नळ, हा त्याचा गाभा. कॅसेट विसळण्यासाठी एक नळ हवा आणि त्यावर ‘पिण्याचे पाणी नाही’ असे ठळक लिहिलेले हवे. पिण्याच्या पाण्याचा नळ त्यापासून दूर असावा. दोन्हीची नळी चुकूनही एक होता कामा नये. हात धुण्याची सोय, साबण, रात्रीचा दिवा आणि रस्त्यावरून दिसेल अशी मराठी व इंग्रजी पाटी, एवढे झाले की केंद्र पूर्ण होते.

जागा निवडताना मैलाशुद्धीकरण किंवा मैला गाळ प्रक्रिया केंद्राचे आवार सर्वांत उत्तम. ते गावापासून फार आडबाजूला असेल तर मोठ्या वाहनतळाशेजारी बंदिस्त टाकी बांधून ती ठरावीक दिवशी यंत्राने उपसता येते. यंत्राने उपसणे ही सोयीची बाब म्हणून सोडून देता येणार नाही. अशा टाकीत हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात आणि आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. सुरक्षेविना माणूस टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही देशात असे मृत्यू थांबलेले नाहीत. प्रवाशांच्या सोयीसाठी उभारलेल्या टाकीने कुणा सफाई कामगाराचा जीव घ्यावा, याइतकी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नसेल. केंद्र स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी कुणाची, हेही आधीच लिहून ठरवावे. घाणेरडे केंद्र कुणी वापरीत नाही आणि मग पुन्हा ओढाच जवळचा वाटू लागतो.

तोवर प्रवाशाने काय करावे?

रस्त्याकडेला पाटी लावलेली अशी केंद्रे आपल्याकडे अजून रुजलेली नाहीत. ती होईपर्यंत प्रवाशाला स्वतःच्या नियोजनावर भिस्त ठेवावी लागेल.

गाडी भाड्याने घेताना टाकीचा प्रकार आधी विचारून घ्यावा. आपल्या परिस्थितीत तळाशी बसविलेल्या मोठ्या टाकीपेक्षा सुटी कॅसेट सोयीची, कारण ती साध्या शौचकूपातही रिकामी करता येते. मुक्काम ठरवतानाच यजमानाला स्पष्ट विचारावे: येथे कॅसेट रिकामी करता येईल का, आणि तुमचे शौचालय सेप्टिक टँकला जोडलेले आहे की मलवाहिनीला? सेप्टिक टँक असेल तर फॉर्माल्डिहाइडचे औषध वापरू नये. रिकामी करताना एकदम न ओतता सावकाश, पाणी सोडत ओतावे. शौचकूप व आजूबाजूची जागा स्वतः स्वच्छ करून निघावे. हातमोजे आणि साबण सोबत ठेवावाच. ओले टिशू, डायपर आणि सॅनिटरी पॅड यांपैकी काहीही टाकीत टाकू नये. त्यांनी नळ तुंबतात आणि मैला उपसणाऱ्या गाडीचे पंप अडतात.

वाई, सातारा, कराड, विटा, सांगली अशा शहरांत मुक्काम असेल तर नगरपरिषदेच्या वा महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे कामकाजाच्या वेळेत चौकशी करणे हा सरळ मार्ग आहे. मोठी टाकी असलेल्या गाडीला परवानाधारक मैला उपसणारी गाडी बोलावता येते. मात्र ती गाडी मैला कुठे रिता करते, हे विचारायला संकोचू नये. सार्वजनिक शौचालयात कॅसेट रिकामी करण्यापूर्वी तेथील कर्मचाऱ्याची परवानगी घ्यावी आणि त्याच्या वाढीव कामाचा मोबदला द्यावा.

टाकी घाट चढण्यापूर्वी रिकामी करावी, हा नियम या मार्गावर विशेष उपयोगी. वाई पायथ्याला आहे. पसरणी घाट चढून गेल्यावर जांभ्याचा माथा सुरू होतो आणि पर्याय कमी होतात. शिवाय शंभर लिटरची भरलेली टाकी म्हणजे शंभर किलोंचे हिंदकळणारे ओझे. वळणावर ते जाणवते. कासच्या पठारावर तर टाकी रिकामी करण्याचा विचारही मनात आणू नये. तिकडे जाताना ती रिकामी असावी आणि परतून साताऱ्याला उतरेपर्यंत पुरावी, असाच बेत आखावा. ओट्याचे साबणपाणी तुलनेने कमी घातक असले तरी तेही तलाव, झरा किंवा विहिरीजवळ सोडू नये.

शासनाच्या धोरणात कॅराव्हॅन पार्कची कल्पना आहे. तेथे वाहनतळ, पाणी, वीज आणि स्वच्छतागृहे असावीत, असे अपेक्षित आहे. या पार्कना मान्यता देताना मैला रिकामा करण्याची सोय आणि त्या मैल्याचा प्रक्रिया केंद्रापर्यंतचा प्रवास या दोन्हींची नोंद तपासली, तर पुढचे पुष्कळ त्रास वाचतील. या मार्गावर आज कॅराव्हॅन थोड्या आहेत. हॉटेले थोडी होती तेव्हा त्यांच्या सांडपाण्याचा विचार डोंगरमाथ्यावरील गावांनी लांबणीवर टाकला आणि नंतर त्याची किंमत मोजली. फिरत्या घरांच्या बाबतीत निर्णय घ्यायला अजून अवधी आहे. वाईजवळ रिकाम्या झालेल्या कॅसेटीची किंमत काही रुपये असेल. तीच ओढ्यात गेली तर ती किंमत सांगलीच्या नळाला मोजावी लागेल.